वॉर्डात असताना ‘निरंतर प्रार्थना’ कशी जमायची?

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही एका मोठ्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहात, ड्यूट्या फिरत्या, घरी चार वर्षांचा मुलगा. सकाळी दहा मिनिटं प्रार्थना होते, पण एकदा वॉर्डात पाय ठेवला की घरी परतेपर्यंत देवाची आठवणसुद्धा येत नाही. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बायबलमधल्या ‘निरंतर प्रार्थना करा’ या वचनावर संदेश झाला, तो मनाला लागला आणि तुम्ही दिवसभर देवाचा विचार मनात धरून ठेवायचा प्रयत्न केला. त्याने डोकं दुखायला लागलं आणि एकदा ड्यूटी बदलताना हँडओव्हर घेताना एका पेशंटची सूचना ऐकायचीच राहिली. मग हे सगळं फक्त मठातल्या लोकांसाठी आहे का, असं तुम्ही विचारता. शिवाय एका मैत्रिणीने छोटी प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणायला सांगितली, तर घरातून ऐकायला मिळालं की हा तर नामजप, आपल्यात चालत नाही.

मी बरीच वर्षं एका मिशन रुग्णालयाच्या चॅपलचं काम पाहिलं, नर्सिंगच्या मुलींच्या सकाळच्या उपासना घेतल्या आणि अजूनही प्रार्थनेच्या शिबिरांना मार्गदर्शन करायला जाते. त्यामुळे हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. डोकेदुखीसकट.

आधी थेट उत्तर देते. देवाचा विचार दिवसभर मनात धरून ठेवायचा प्रयत्न आजपासून सोडून द्या. ठरलेल्या वेळची प्रार्थना पक्की करायची, एक छोटं वाक्य सोबत न्यायचं, आणि विसर पडला हे लक्षात आलं की स्वतःला दोष न देता परत देवाकडे वळायचं. करायचं ते एवढंच. यातला अवघड भाग शेवटचा.

‘निरंतर प्रार्थना करा’ हे थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातलं (५:१७) वाक्य आपण सुटं काढून कॅलेंडरवर छापतो. एकदा ते पत्र सलग वाचा, वीस मिनिटांत होतं. दुसऱ्या अध्यायात पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो की तुमच्यापैकी कुणावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस काम करत होतो. चौथ्या अध्यायात तो त्यांनाही आपापल्या हातांनी काम करायला सांगतो. हे पत्र इ.स. ५० च्या सुमारास करिंथहून लिहिलं गेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात, आणि करिंथात पौल अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू तयार करायचं काम करत होता, हे प्रेषितांच्या कृत्यांत (१८:३) आहे. म्हणजे मठ वगैरे काही नसताना, पोटासाठी राबणाऱ्या एका माणसाने राबणाऱ्या लोकांना हे लिहिलं. आणि लिहिलं ते एका मंडळीला. एकट्यादुकट्या बाईने चोवीस तास पहारा द्यावा म्हणून नाही.

हे वचन अक्षरशः घेणारे लोक होऊन गेले. चौथ्या-पाचव्या शतकात सिरिया आणि आशिया मायनरच्या बाजूला मेस्सालियन नावाचा एक पंथ होता. आम्ही फक्त प्रार्थना करतो, कामाला हात लावत नाही, असा त्यांचा बाणा. ४३१ साली इफिस इथे भरलेल्या चर्चच्या परिषदेने त्यांची शिकवण नाकारली. अशाच विचाराचे काही जण इजिप्तमध्ये आलेक्सांद्रियाजवळ राहणाऱ्या लूसियस नावाच्या वृद्ध संन्याशाकडे गेले होते, त्याची गोष्ट वाळवंटातल्या त्या जुन्या साधूंच्या आठवणींमध्ये आहे. आम्ही काम करत नाही, निरंतर प्रार्थना करतो, असं त्यांनी सांगितल्यावर लूसियसने विचारलं, तुम्ही जेवत नाही का? जेवतो, म्हणाले. झोपत नाही का? झोपतो. मग तेव्हा तुमच्या वतीने प्रार्थना कोण करतं? त्यांना उत्तर देता येईना. तेव्हा म्हातारा म्हणाला: मी ताडाची पानं भिजत घालतो, बसून दोऱ्या वळतो आणि वळताना ‘हे देवा, माझ्यावर कृपा कर’ हे एक्कावन्नावं स्तोत्र म्हणतो. दिवसाला सोळाएक नाणी मिळतात. त्यातली दोन दाराबाहेर ठेवतो, बाकीच्यात माझं पोट भागतं. ती दोन नाणी जो उचलतो तो मी जेवत असताना आणि झोपलेला असताना माझ्यासाठी प्रार्थना करतो.

ही गोष्ट मी नर्सिंगच्या मुलींना नेहमी सांगायचे आणि त्या हसायच्या. पण हसून झाल्यावर त्यांचं ओझं उतरायचं, कारण निम्मं काम आपल्या वाट्याचं नाहीच हे कळायचं. तुम्ही आयसीयूत असताना दुसरं कुणीतरी तुमच्यासाठी गुडघे टेकलेलं असतं. तुमच्या मंडळीत ज्या आजीबाईंना फारसं काम उरलेलं नाही, अशा एखादीला तुमच्या महिन्याच्या ड्यूटीचा तक्ता देऊन ठेवा. त्यांना फार आवडेल. माझा अनुभव असा की पाळकांना प्रार्थनाविनंती पाठवण्यापेक्षा याचा जास्त उपयोग होतो. पाळकांकडे अशा विनंत्यांचा ढीग असतो.

आता देवाचं भान म्हणजे काय ते. तुमचा मुलगा आतल्या खोलीत झोपलेला असतो आणि तुम्ही ओट्यापाशी भाकऱ्या करत असता. त्याचा विचार तुमच्या मनात नसतो, लक्ष तव्यावर असतं. पण तो जरासा कण्हला तरी हात थांबतो. देवाचं भान असंच असतं, आणि ते मेहनतीने धरून ठेवायचं नसतं. नात्यातून ते आपोआप येतं आणि नातं ठरलेल्या वेळी एकत्र बसण्यातून येतं. सोळाव्या स्तोत्रात ‘मी आपल्यापुढे परमेश्वराला नित्य ठेवले आहे’ असं म्हणणारा माणूस ते एका दिवसात म्हणायला लागलेला नाही.

या विषयावर बोलताना लोक हमखास ब्रदर लॉरेन्सचं नाव घेतात, म्हणून त्याच्याबद्दल थोडं सविस्तर. त्याची गोष्ट अर्धी सांगितली जाते आणि त्या अर्ध्या गोष्टीने माणसं खचतात. त्याचं मूळ नाव निकोला एर्मां, जन्म १६१४, गाव फ्रान्सच्या पूर्वेकडच्या लोरेन भागातलं. तरुणपणी सैन्यात होता, जखमी झाला आणि पाय कायमचा अधू झाला. पुढे पॅरिसमधल्या कार्मेलाइट संन्याशांच्या मठात साधा सेवक-बंधू म्हणून दाखल झाला. पंधराएक वर्षं मठाच्या स्वयंपाकघरात होता, नंतर चपला दुरुस्त करायच्या कामावर. भांड्यांच्या खडखडाटात आणि चार जण चार गोष्टी मागत असताना मी देवाजवळ तितकाच शांत असतो जितका प्रभुभोजनापुढे गुडघे टेकून असतो, अशा अर्थाचं त्याचं बोलणं प्रसिद्ध आहे. १६९१ मध्ये तो वारला आणि नंतर त्याची पत्रं व संभाषणं छापली गेली.

जी बाजू कुणी सांगत नाही ती अशी. एक, त्याला स्वयंपाकघराचं काम मुळीच आवडत नव्हतं, हे त्याने स्वतःच सांगितलं आहे. दोन, मठासाठी द्राक्षारस खरेदी करायला त्याला लांब बर्गंडीपर्यंत पाठवत. व्यवहारात तो कच्चा, पाय अधू, नावेत पिंपांवरून घरंगळतच इकडून तिकडे जावं लागे. तरी तो देवाला म्हणे, हे तुझं काम आहे, आणि निघे. तीन, आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: पहिली दहाएक वर्षं त्याला फार त्रास झाला असं तो एका पत्रात लिहितो. देवाने आपल्याला टाकलं आहे असंही वाटायचं. दहा वर्षं! आणि आपण शिबिरातून आल्यावर पुढच्या सोमवारी निराश होतो. शिवाय त्याच्या आजूबाजूला घंटा वाजत होती, ठरलेल्या वेळच्या प्रार्थना होत होत्या. तो त्यावर पोसलेला होता. चुकल्यावर तो काय करी तेही पाहा. देवा, तू मला माझ्यावर सोडलंस तर मी असंच करणार, एवढं म्हणून कामाला लागे. त्या चुकीवर पुन्हा विचार करत बसत नसे.

आता तुमच्या दिवसाकडे येऊ.

सकाळच्या दहा मिनिटांना तुम्ही ‘फक्त दहा मिनिटं’ म्हणालात. ती कमी नाहीत, पण त्यात काय होतं हे बघायला हवं. बहुतेकांच्या सकाळच्या प्रार्थनेत विनंत्यांची यादी असते: नवऱ्याची नोकरी, सासूबाईंचे गुडघे, मुलाचा खोकला. यादी असू द्या, पण शेवटी. आधी एक स्तोत्र हळू, शक्यतो ओठ हलवत वाचा. एखादी ओळ अडवेल, तिथे थांबा. मग दोन-तीन मिनिटं काहीच बोलू नका. हे लोकांना सगळ्यात जड जातं. आणि त्याआधी मोबाईल उघडू नका, ग्रुपवर आलेलं ‘आजचे वचन’ बघायलासुद्धा नाही. गुलाबाच्या चित्रावरचं वचन चांगलंच असतं, पण त्याच्याखाली आणखी चाळीस मेसेज असतात.

दिवसातल्या छोट्या प्रार्थनेसाठी जुन्या करारातल्या नहेम्याचं उदाहरण माझ्या फार आवडीचं. तो पारसच्या राजाच्या चाकरीत होता. राजा अर्तहशश्त त्याला विचारतो, तुला काय हवं? ‘तेव्हा मी स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली’ आणि पुढच्याच वाक्यात तो राजाला उत्तर देतो (२:४). प्रश्न आणि उत्तर यांच्यामधल्या एका श्वासात ती प्रार्थना झाली. पण मागचा अध्याय वाचला तर कळतं की किसलेव महिन्यापासून निसान महिन्यापर्यंत, म्हणजे साधारण चार महिने, तो उपास करून यरुशलेमच्या पडलेल्या तटासाठी रडत होता. एका श्वासाच्या प्रार्थनेमागे चार महिने उभे होते. म्हणून कुणी मला सांगितलं की मी वेगळी प्रार्थना करत नाही, दिवसभर कामातच देवाशी बोलते, तर मी आदराने ऐकते पण माझा विश्वास बसत नाही.

वाक्य कोणतं घ्यायचं? पाचव्या शतकात योहान कासियान नावाच्या संन्याशाने इजिप्तच्या साधूंकडून ऐकलेलं एक वाक्य लिहून ठेवलं आहे, सत्तराव्या स्तोत्राच्या सुरुवातीचं: देवा, मला सोडव, प्रभू, मला साहाय्य करायला त्वरा कर. आनंदात, भीतीत, मोहात, झोप येत नसताना, सगळीकडे हेच म्हणा, असं तो सांगतो. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांमध्ये जकातदाराच्या (लूक १८:१३) आणि यरीहोच्या आंधळ्याच्या हाकेवर बेतलेली प्रार्थना आहे: प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर. दोन्ही चालतील. एक निवडा आणि दोन महिने बदलू नका. दर आठवड्याला नवीन वाक्य शोधणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांची वही छान भरते.

ते वाक्य दिवसभर घोकायचं नाही. ते एखाद्या अशा कृतीला बांधा जी तुम्ही एरवीही करताच. नर्ससाठी सगळ्यात सोपी म्हणजे हात धुणं. प्रत्येक पेशंटला हात लावण्याआधी आणि नंतर तुम्ही हात धुता किंवा सॅनिटायझर चोळता. वीसएक सेकंद मिळतात, तेवढ्यात वाक्य एकदा शांतपणे होतं, आणि ज्या पेशंटकडे जाणार तिचा चेहरा डोळ्यांपुढे आणता येतो. दर वेळी आठवणार नाही. ड्यूटीत दोनदा आठवलं तरी सुरुवातीला पुष्कळ झालं.

पण औषध देताना हे अजिबात करू नका. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे तुम्हाला शिकवलेलं आहे. त्या मिनिटाला तुमचं सगळं लक्ष त्या पाच गोष्टींवर असणं हीच देवाची इच्छा. हँडओव्हरचंही तसंच. कलस्सैकरांस पत्रात (३:२३) जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा असं म्हटलं आहे, आणि ‘जिवेभावे’ करायचं तर मन दुसरीकडे ठेवून चालत नाही. प्रभूने स्वतः ‘मी आजारी होतो तेव्हा तुम्ही माझ्या समाचाराला आला’ (मत्तय २५:३६) असं म्हणून तो कुठे भेटेल ते सांगून ठेवलं आहे. खाट क्रमांक सातवरच्या माणसाकडे नीट लक्ष देताना तुम्ही प्रभूला विसरलेल्या नसता.

नामजपाबद्दल. प्रभूने ‘व्यर्थ बडबड करू नका’ म्हटलं ते (मत्तय ६:७) पुढच्या शब्दांसकट वाचा: आपण फार बोललो म्हणजे आपलं ऐकलं जाईल, असं अशी बडबड करणाऱ्यांना वाटतं. दोष त्या हिशेबाला आहे. पुन्हा तेच शब्द वापरायला मनाई असती तर गेथशेमाने बागेत प्रभूने तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली नसती (मत्तय २६:४४), आणि एकशे छत्तिसाव्या स्तोत्रात देवाची दया सनातन आहे हे सव्वीस वेळा आलं नसतं.

आता हे नामस्मरणासारखं दिसतं का? दिसतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) तुकोबांचं ऋण उघडपणे मानत, आणि त्यांची भजनं आपण दर रविवारी अभंगाच्याच चालीवर म्हणतो, तेव्हा घरात कुणी हरकत घेत नाही. नुसत्या तोंडच्या जपाला तर वारकरी संतांनीही नावं ठेवली आहेत. आपल्याकडे पाहायचं ते एवढंच की वाक्य कुणाला उद्देशून आहे. शब्दांत ताकद आहे असं वाटू लागलं, किंवा आज किती वेळा झालं याची मोजणी सुरू झाली, की काही दिवस ते वाक्य बाजूला ठेवा आणि आपल्या शब्दांत बोला. वसईकडच्या कॅथलिक घरांत रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत वाढलेल्या माझ्या मैत्रिणींकडून मी हेच ऐकलं आहे: मणी हातात असतात ते मोजणीची चिंता बोटांवर सोडून मन मोकळं राहावं म्हणून.

मोजणीवरून फ्रँक लाउबाक आठवला. हा अमेरिकन मिशनरी १९३० साली फिलिपिन्सच्या मिंडानाओ बेटावर लानाओ इथे एकटा असताना, दर मिनिटाला एकदा तरी देवाची आठवण येते का, असा प्रयोग करत होता आणि घरी पत्रांतून कळवत होता. पत्रं सुंदर आहेत. प्रयोग मात्र मी कुणाला सुचवत नाही. मुळात हळव्या, स्वतःला दोष देणाऱ्या माणसाला असा हिशेब दिला की तो आजारी पडतो. लाउबाकच्या गोष्टीतलं घेण्यासारखं वेगळंच आहे. त्याच दिवसांत घरामागच्या टेकडीवर बसलेला असताना त्याला उमगलं की आपण इथल्या मारानाओ मुसलमान लोकांना मनातून कमी लेखतो. तिथून तो बदलला, त्यांच्यात मिसळला, त्यांची भाषा लिहायला-वाचायला शिकवू लागला, आणि प्रौढ साक्षरतेचं त्याचं काम पुढे जगभर गेलं. देवाचं भान वाढतंय का हे तपासायचं असेल तर मी तिथे बघते. वॉर्डातली आया, रात्री सतत बेल वाजवणारा म्हातारा, वर चढून बोलणारी सिस्टर इन्चार्ज यांच्याशी तुमचं बोलणं कसं चाललं आहे? आतून काय वाटतं यापेक्षा हे जास्त खरं सांगतं.

झोपण्याआधी पाच मिनिटं दिवसाकडे मागे वळून बघा. येशूसंघाचा (जेझुइटांचा) संस्थापक लोयोलाचा इग्नेशियस याने सोळाव्या शतकात याची रीत घालून दिली: आधी आभार, मग प्रकाश मागायचा, मग दिवस तासातासाने आठवायचा, चुकलं तिथे क्षमा, शेवटी उद्यासाठी कृपा. क्रम महत्त्वाचा, कारण आपण बायका आभार गाळून थेट चुकांवर जातो. दिवसभर देव आठवला नाही असं वाटत असताना अशा उजळणीत बऱ्याचदा दिसतं की तो दुपारी तीन वाजता त्या नातेवाइकाच्या बोलण्यात होता, आपल्याला तेव्हा कळलं नव्हतं. परतीच्या बसमध्येही हे होतं. मुलाला सोबत घ्यायचं तर एकच प्रश्न पुरे: आज तुला काय आवडलं? ते येशूला सांग. त्याने ‘शेजारचं मांजर’ म्हटलं तर तेच.

कोरडेपणा येणार. काहीच वाटत नाही असे आठवडे, कधी महिने. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, कुठलीही सांत्वनाची ओळ न येता, आणि तरीही ते प्रार्थनापुस्तकात आहे. अशा काळात भावना उकरत बसू नका, ठरलेली वेळ तेवढी पाळा. मात्र झोप उडाली, भूक गेली, रडू आवरेनासं झालं, तर ते प्रार्थना कमी पडल्याचं लक्षण समजू नका आणि डॉक्टरांना दाखवा. तुम्ही नर्स आहात, दुसरीला हाच सल्ला द्याल. संदेष्टा एलीया झुडुपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने त्याला संदेश दिला नाही. झोपू दिलं, उठवून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं (१ राजे १९). देवाचं त्याच्याशी डोंगरावरचं बोलणं पुष्कळ नंतरचं.

नाइटच्या आठवड्यात सकाळची दहा मिनिटं सकाळी होणार नाहीत, ती ड्यूटीला निघण्याआधी संध्याकाळी ठेवा. त्या आठवड्यासाठी एकशे चौतिसावं स्तोत्र घ्या. तीनच ओव्यांचं आहे आणि रात्री परमेश्वराच्या घरात उभं राहून सेवा करणाऱ्यांनाच उद्देशून आहे. पाठ करून टाका, पहाटे चारला फाइल लिहिताना उपयोगी पडतं. नाइट करून घरी आल्यावर मात्र काही वाचायला बसू नका, सरळ झोपा.